तुरीच्या गाठी, पाचटाचा ढीग आणि डाळिंबाच्या मुळाशी बुरशी: सोलापूरकडच्या रानात जिवाणू कामाला लावायचे कसे

यंदा तुरीचं एक तरी झाड खणून बघा. उपटू नका, खणा. पेरून ४० एक दिवस झाले की रानात ओल असताना बुंध्यापासून वीतभर लांब कुदळ मारायची, मातीच्या ढेकळासकट झाड वर घ्यायचं आणि बादलीत बुडवून ठेवायचं, माती आपोआप सुटते. उपटलं की बारीक मुळं तुटून खालीच राहतात, गाठीही त्यांच्यासोबत राहतात आणि आपण म्हणतो आमच्या तुरीला गाठीच येत नाहीत. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती. मोहोळ तालुक्यात आमची चार एकर आहे, बीएस्सीला राहून मुळांवरच्या गाठींची आकृती मी कितीदा काढली असेल, पण आपल्याच रानातल्या तुरीचं मूळ कधी धुऊन बघितलं नव्हतं. सासरे, म्हणजे आण्णा, बांधावर उभे राहून बघत होते, त्यांनी एक गाठ नखानं फोडली, आतून गुलाबी निघाली तसे म्हणाले, "हिच्यात रक्त आहे की गं."

खरंच रक्तासारखंच आहे ते. आपल्या रक्तात जसं हिमोग्लोबिन असतं तसंच लोह असलेलं एक द्रव्य त्या गाठीत असतं, गुलाबी रंग त्याचा. गाठीतल्या जिवाणूंना श्वासापुरता प्राणवायू लागतो पण जास्त झाला की त्यांचं नत्र पकडायचं यंत्रच बंद पडतं, म्हणून हे द्रव्य प्राणवायू धरून ठेवून मोजून मोजून देतं. हवेत ७८ टक्के नत्र आहे, आपल्या तुरीच्या चहूबाजूंनी आहे, पण झाडाला त्यातलं कणभरही थेट घेता येत नाही, ते काम फक्त काही जिवाणूंना जमतं. १८८८ साली बायजेरिंक नावाच्या डच शास्त्रज्ञानं गाठीतले हे जिवाणू वेगळे काढून वाढवून दाखवले, तोवर कित्येकांना ह्या गाठी म्हणजे मुळाचा रोगच वाटायचा.

पुढं जायच्या आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या म्हणजे खालची सगळी कामं सोपी वाटतील. जमिनीत जे जगतंय त्यातले बरेच जण तीन वाटांनी पोट भरतात. एक, देवाणघेवाण करून, त्याला सहजीवन म्हणतात. दोन, मेलेलं कुजवून. तीन, दुसऱ्याचं चोरून, म्हणजे परजीवी. काळ्या मसाल्यात आपण दगडफूल टाकतो की नाही, ते फूलही नाही आणि एक जीवही नाही, बुरशी आणि शेवाळ असे दोघं एकत्र राहतात. बुरशी घर आणि ओलावा सांभाळते, शेवाळ उन्हावर साखर बनवतं, म्हणून उघड्या दगडावर जिथं काहीच उगवत नाही तिथं हे जोडपं जगतं. आपल्या रानात हेच चालू असतं, फक्त जमिनीखाली, म्हणून दिसत नाही.

पहिलं काम: गाठी वाचायला शिका

झाड धुऊन झालं की गाठी मोजा आणि पाच सहा गाठी ब्लेडनं कापा. आतून गुलाबी किंवा लालसर म्हणजे काम जोरात चालू आहे. पांढरी म्हणजे अजून कच्ची आहे नाहीतर जिवाणू बिनकामाचा आहे. हिरवट किंवा तपकिरी झाली म्हणजे तिचं काम संपलं, पीक शेंगा भरायला लागलं की असं होतंच, त्याला घाबरू नका. गाठी सोटमुळावर वरच्या बाजूला आणि मोठ्या असतील तर बहुतेक आपण बियाण्याला लावलेल्या जिवाणूच्या आहेत, लांब लांब बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर जमिनीतल्या जुन्या जिवाणूंच्या असायची शक्यता जास्त.

इथं एक फसगत होते. सूत्रकृमीमुळं, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या धाग्यासारख्या बारीक जंतांमुळं पण मुळांवर गाठी येतात, आपल्याकडं डाळिंबाच्या आणि टोमॅटो वांग्याच्या रानात तर भरपूर. फरक असा की नत्राची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, बोटानं चोळली की सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, चोळून सुटत नाही आणि कापली तर गुलाबी निघत नाही. डाळिंबाच्या, वांग्याच्या मुळावर गाठी दिसल्या तर आनंदानं कुणाला दाखवू नका, ती पिकंच नत्राच्या गाठी करणाऱ्यातली नाहीत, ते नुकसानच आहे.

दुसरं काम: बियाण्याला जिवाणू लावणं, आणि हे नीट लावणं

पहिल्या वर्षी मी बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम, म्हणजे पाकिटात मिळणारे हे गाठींचे जिवाणू, एकाच घमेल्यात एकदम चोळलं, पत्र्यावर उन्हात वाळवलं आणि पाऊस आला म्हणून पेरणी दुसऱ्या दिवसावर गेली. चाळीस दिवसांनी खणलं तर दहा झाडांत मिळून बोटावर मोजण्याइतक्या गाठी. पाकीटही दुकानात कडक उन्हाच्या बाजूच्या फळीवर पडून होतं हे मला नंतर आठवलं. त्या पाकिटात पावडर नसते, जिवंत जीव असतात, आपण उन्हात अर्धा तास उभे राहिलो तर आपल्याला काय होतं, त्यांना तर सालही नाही. तेव्हापासून मी हे काम कुणावर सोपवत नाही, स्वतः करते.

पाकीट घेताना तारीख बघा आणि कोणत्या पिकासाठी आहे ते वाचा, हे फार महत्त्वाचं आहे. एका पिकाचा जिवाणू दुसऱ्या पिकाला चालेलच असं नाही, मूळ आणि जिवाणू आधी एकमेकांना रासायनिक खुणा पाठवतात, खूण जुळली तरच मूळ त्याला आत घेतं. तूर, मूग, उडीद, मटकी, चवळी, भुईमूग हे साधारण एका गटातले. हरभऱ्याचा वेगळा. सोयाबीनचा आणखी वेगळा, आणि ज्या रानात कधीच सोयाबीन झालं नाही तिथं तर त्याचा जिवाणू जमिनीत नसतोच म्हणा, तिथं पाकिटाशिवाय पेरू नका. पाकीट घरी आणल्यावर थंड सावलीत, माठाच्या बाजूला ठेवा.

प्रमाण सोपं आहे, २५० ग्रॅमचं एक पाकीट १० किलो बियाण्याला. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचा, पूर्ण म्हणजे पूर्ण, कोमट सुद्धा नको. त्यात पाकीट कालवून बियाण्यावर थोडं थोडं शिंपडत हलक्या हातानं चोळायचं, जेवढं लागेल तेवढंच वापरा, बी ओलं गच्च करायचं नाही. सोयाबीनची आणि भुईमुगाची साल फार नाजूक, जोरात चोळली की सुटते आणि उगवणच बिघडते, त्यांना गोणपाटावर पसरून वरून शिंपडून नुसतं हलवा. बुरशीनाशक, कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी लावून वाळू द्या, जिवाणू कायम सगळ्यात शेवटी. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दुकानात पीएसबी म्हणून मिळतात, ते रायझोबियमसोबतच लावले तर चालतात आणि आपल्या चुनखडीच्या रानात लावावेतच. सावलीत वाळवा आणि लगेच, त्याच दिवशी पेरा. म्हणजे पाभर तयार, वाफसा तयार आणि मगच गूळ चुलीवर, हा क्रम उलटा करू नका.

युरियाचं काय, हे सगळे विचारतात. तुरीला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरदाची शिफारस आहे, ते २५ किलो नत्र सुरुवातीच्या दिवसांसाठी, गाठी कामाला लागेपर्यंत. त्यावर पीक पिवळं दिसलं म्हणून हातानं युरिया फेकला की गाठींचं काम मंदावतं. कारण नत्र पकडणं झाडाला फुकटात पडत नाही, पानात बनवलेली साखर गाठींना पुरवावी लागते, आयतं नत्र मुळाशी आलं की झाड ती साखर देणं कमी करतं. झाड हिशोबी आहे.

आणि काढणीला तूर उपटू नका, जमिनीलगत कापा. बरंचसं नत्र दाण्यातून घरी जातंच, रानाला मिळतो तो गळालेला पालापाचोळा आणि मुळं, तीही उपटून बांधावर टाकली तर पुढच्या ज्वारीला काय राहणार. खुंट पायात घुसतात हे खरं आहे, म्हणून विळा तिरका मारू नका, आडवा आणि खोल मारा.

तिसरं काम: मायकोरायझा, घरी वाढवलेला

हे मला सगळ्यात जवळचं काम आहे म्हणून जरा जास्त लिहिते.

आपली काळी रानं, आणि त्याहून माळाची चुनखडीची रानं, ह्यांचा खरा प्रॉब्लेम असा की स्फुरद टाकलं तरी ते चुन्यासोबत घट्ट बांधलं जातं. माती परीक्षणात दिसतं पण पिकाला मिळत नाही. स्फुरद जमिनीत फारसं हलतही नाही, मुळाच्या अगदी लगतचं संपलं की बाजूचं दोन मिलिमीटरवरचं सुद्धा मुळाकडं चालत येत नाही. इथं मायकोरायझा, म्हणजे मुळाशी जोडून राहणारी बुरशी, उपयोगाला येते. तिचे धागे मुळाच्या केसांपेक्षाही बारीक असतात, जिथं मूळ शिरू शकत नाही अशा मातीच्या फटींत जातात आणि तिथलं स्फुरद, जस्त, थोडं पाणीही आणून मुळाच्या पेशीत देतात, बदल्यात झाडाकडून साखर आणि तेलासारखे पदार्थ घेतात. जमिनीवरच्या ७० टक्क्यांहून जास्त जातींच्या वनस्पती ह्या एका प्रकारच्या बुरशीशी जोडलेल्या आहेत. मायकोरायझा हा शब्द फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ साली दिला, पण नातं फार जुनं आहे, स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती सापडल्यात आणि त्यांच्या पेशींत ही बुरशी दिसते. तेव्हा झाडांना नीट मुळं सुद्धा फुटली नव्हती.

ज्वारी, मका, तूर, भुईमूग, कांदा, डाळिंब, द्राक्ष, लिंबू ह्या सगळ्यांना ती चालते. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा ह्या कुळाला चालत नाही, पालक बीटालाही नाही, तिथं पैसे घालवू नका.

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, बाटलीत गूळ घालून ती वाढवता येत नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण म्हणूनच ती रानात वाढवणं सोपं आहे.

मे महिन्यात अर्धी माती अर्धी वाळू मिसळून ओली करायची, जमिनीवर वीतभर जाडीचा थर पसरायचा, वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीनं दाबून टाकायच्या आणि पाच सहा आठवडे तसंच ठेवायचं. आपल्या सोलापूरचं ४२-४३ डिग्रीचं ऊन इथं कामाला येतं, प्लास्टिकखाली माती एवढी तापते की बरेचसे रोगाचे जंतू, सूत्रकृमी आणि तणाचं बी मरतं. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच पाहिजे.

जूनच्या शेवटी ही माती तळाला भोकं पाडलेल्या जुन्या टबात नाहीतर आडव्या कापलेल्या ड्रममध्ये भरा. मधोमध थर द्या विरजणाचा. विरजण म्हणजे दुकानातलं चांगलं मायकोरायझा पाकीट, किंवा जुन्या बांधावरच्या गवताखालची, जिथं वर्षानुवर्षं नांगर लागला नाही तिथली, बारीक मुळांसकट माती दोन घमेली. डाळिंबाच्या बागेतली माती घेऊ नका, मर रोग आणि सूत्रकृमी तुम्हीच टबात पोसाल. बांध डाळिंबाला लागून असेल तर तोही सोडा. नवीन बाग लावायच्या आधी मातीत सूत्रकृमी आहे का हे तपासून घेतलेलं कधीही बरं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्याच केगावला आहे, सोलापूरकरांनी ह्या पिकाचं ज्ञान लांबून आणायची गरज नाही.

मग त्यात ज्वारी दाट पेरा, थोडा मका पेरा. सुपर फॉस्फेट, डीएपी काही टाकायचं नाही. झाडाला स्फुरद कमी पडलं पाहिजे तरच ते बुरशीला बोलावतं. ९० दिवस सांभाळा, शेवटचे दहा दिवस पाणी पूर्ण तोडा, ताण बसला की बुरशी पुढच्या पिढीसाठी बीजाणू धरते. मग वरची झाडं कापून कंपोस्टच्या ढिगावर टाका. जनावराला घालू नका, पाण्याच्या ताणातली ज्वारी आणि तिचे नवे फुटवे खाऊन किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. खालची मुळं कोयत्यानं बोटभर बारीक तोडून मातीत कालवा, सावलीत गोणपाटाखाली ठेवा आणि पुढच्या लागणीपर्यंत वापरून टाका.

डाळिंबाचं रोप लावताना खड्ड्यात दोन ओंजळी, पण खड्डाभर पसरून नाही, रोपाच्या मुळाला टेकेल अशी. बुरशीला मूळ सापडलं पाहिजे. जुन्या झाडाला द्यायची तर ड्रिपरजवळची पांढरी मुळं हलक्या हातानं उघडी करून तिथं द्या आणि झाका, फरक रोपाइतका दिसणार नाही हे आधीच सांगते. बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग केलं असेल, म्हणजे ते मुळाशी ओतलं असेल, तर महिनाभर थांबा.

आता टारफुल्याचं सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. ज्वारीत छोट्या फुलांचं ते तण, वर दिसायच्या आधीच ज्वारीच्या मुळात घुसून रस ओढत असतं. त्याचं बी धुळीसारखं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं की बरोबर जागं होतं. त्याला कळतं कसं? ज्वारीचं मूळ भुकेलं असलं की एक द्रव्य सोडतं. १९६६ साली ते टारफुल्याचं बी जागं करणारं द्रव्य म्हणून कापसाच्या मुळांतून सापडलं आणि शास्त्रज्ञांना कळेना की झाड शत्रूला बोलावणारं द्रव्य मुळात सोडतंच कशाला. उत्तर २००५ साली जपानमधल्या संशोधकांना मिळालं, ती हाक मायकोरायझाला असते, धागे फुटून मुळाकडं यावेत म्हणून. चोरानं ती ओळखून ठेवली. मला हे वाचून त्या रात्री झोप लागली नव्हती, खरं सांगते.

ह्याचा रानात उपयोग असा. टारफुला पडत असेल तर त्या रानात ज्वारीवर ज्वारी घेऊ नका, मधे तूर, भुईमूग, कापूस असं काही घ्या, ह्यांच्या मुळांच्या हाकेनं टारफुल्याचं बी उगवतं पण त्या मुळांवर त्याला जगता येत नाही, उगवून मरतं. रानाची भूक कमी करा, शेणखत नत्र नीट असलं की ज्वारी हाक कमी सोडते. आणि दिसला की फुलायच्या आत उपटा, एका झाडाला हजारोंनी बी येतं.

रब्बी ज्वारीची रानं आपण पावसाळाभर मोकळी ठेवतो, तेव्हा मायकोरायझाला धरायला जिवंत मूळ मिळत नाही आणि ती कमी होते. मंगळवेढ्याच्या भारी रानात ओल राखायला मोकळं ठेवणं मला पटतं, तिथं सगळं गणित ओलीवर आहे. पण मध्यम रानात जूनचा पाऊस वेळेवर झाला तर ६०-६५ दिवसांचा मूग घ्या, ज्वारीच्या आधी रान मोकळं होतं.

चौथं काम: ढीग, म्हणजे मेलेलं जेवणात बदलणं

उकिरडा आणि कंपोस्ट एक नाही. उघड्यावर टाकलेलं शेण उन्हात वाळतं, त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं, उरलेलं पावसात वाहतं, आणि कच्चं शेणखत रानात गेलं की मुळं खाणारी हुमणी अळी सोबत जाते. नाकाला झोंबणारा वास येतोय म्हणजे तुमचं नत्र हवेत चाललंय.

कुजवणाऱ्यांना चार गोष्टी लागतात, कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. कर्ब त्यांची भाकरी, नत्र त्यांची डाळ. २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की ढीग छान तापतो. शेणात हे प्रमाण वीस पंचवीसला एक असतं, उसाच्या पाचटात शंभराच्या आसपास, तुराट्या आणि ज्वारीची धसकटंही कर्बाच्याच बाजूची. हिरवं गवत, भाजीचा पाला नत्राच्या बाजूचा. काटा घेऊन बसायची गरज नाही, सुक्याचे तीन थर झाले की शेणकाल्याचा आणि हिरव्याचा एक जाड थर, असं अंदाजानं चालतं. भुईमुगाची टरफलं आपल्याकडं भरपूर, तीही सुक्यात धरा. टॉवेलच्या कारखान्यातलं रंगीत सूत मात्र टाकू नका, त्यात काय रंग आणि काय धागा आहे कळत नाही.

ढीग कमरेइतका उंच आणि तेवढाच रुंद तरी हवा, लहान ढिगात ऊब धरत नाही. तुराट्या तळाला आडव्या उभ्या टाका म्हणजे खालून हवा लागते, त्या कुजायला वेळ घेतात, दुसऱ्या ढिगालाही परत वापरता येतात. पाणी किती, तर मूठभर माल घट्ट पिळला की बोटांच्या फटीत एक दोन थेंब दिसावेत, धार लागली तर जास्त झालं आणि हात नुसता ओलसरही झाला नाही तर कमी. आपल्याकडं कमीच पडतं. लिंबाच्या नाहीतर शेडच्या सावलीत ढीग लावा, वर ओलं गोणपाट आणि पाचट टाका.

तिसऱ्या चौथ्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवत नसेल तर काम चाललंय. आत ५५ ते ६५ डिग्री होतात, बरंच तणाचं बी त्यात मरतं. आधी साखर पिष्ट खाणारे जिवाणू येतात, त्यांनी ऊब केली की उष्णतेतच जगणारे येतात, मग ढीग निवत आला की बुरश्या काडीतलं कठीण द्रव्य फोडायला लागतात, त्यांच्यासोबत ते सूक्ष्मजीव येतात ज्यांच्यामुळं मातीला पहिल्या पावसाचा वास असतो. शेवटी गांडुळं स्वतःहून येतात. ह्यातलं कुणीही आपल्यासाठी खत बनवत नाही, ते आपलं पोट भरतात. त्यांच्या शरीरात मावलं नाही ते नत्र स्फुरद बाहेर पडतं, आणि ते मेले की त्यांच्यातलंही सुटतं, आपल्या पिकाला मिळतं ते हे.

सळई गार लागायला लागली की ढीग उलटा, बाहेरचं आत आतलं बाहेर. साधारण पंधरा वीस दिवसांनी एकदा, असं तीन वेळा. सडका वास म्हणजे हवा कमी, तुराट्या घालून उलटा. गारच राहिला तर पाणी नाहीतर शेण कमी. तीन ते चार महिन्यांत मूळ काय होतं ते ओळखू येत नाही, काळसर भुसभुशीत, पावसाळ्यातल्या मातीसारखा वास, तेव्हा झालं.

उलटायला माणूस नसेल तर नाडेपचं टाकं बांधा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे ह्यांनी शोधलेली ही पद्धत, त्यांच्याच नावावरून नाडेप. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेला भोकं ठेवलेली. साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, शंभर किलोच शेण आणि बरीचशी चाळलेली माती थरांनी भरून वरून शेणामातीनं लिंपायचं, तीन साडेतीन महिने हात लावायचा नाही, फक्त ओल राखायची. ज्यांच्याकडं एकच म्हैस आहे त्यांना हे सगळ्यात परवडतं, शेण कमी लागतं म्हणून.

उजनीच्या पाण्यावर ऊस असणाऱ्यांनी पाचट पेटवू नका, मी हात जोडून सांगते. पाचटातलं जवळजवळ सगळं नत्र धुरात जातं आणि वरच्या बोटभर मातीतले जीव भाजून निघतात. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणाऱ्या पिकाला, पाचट सरीत एकसारखं दाबा, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटा, आणि एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू ह्या मापानं टाका, जिवाणू शेणकाल्यात कालवून, मग पाणी द्या. इथं युरिया उसासाठी नाही, कुजवणाऱ्यांच्या जेवणात डाळ म्हणून आहे. तो नाही दिला तर ते जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि ऊस पिवळा पडतो, मग लोक म्हणतात पाचटानं ऊस बिघडला. न कुजलेलं धसकट गाडून लगेच पेरलं की ज्वारीचंही असंच होतं, नत्र कुठं गेलेलं नसतं, कुजवणाऱ्यांच्या अंगात अडकलेलं असतं, काही आठवड्यांनी सुटतं. म्हणून गाडणं आणि पेरणं ह्यात अंतर ठेवा.

पाचवं काम गोठ्यात आहे

पंढरपुरी म्हैस वाळका कडबा खाऊन दूध देते, पण कडबा ती स्वतः पचवत नाही. तिच्या कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, सूक्ष्मजीव असतात, ते कडबा आंबवतात, त्यातून निघणारी आम्लं म्हशीची मुख्य ऊर्जा, आणि पुढच्या पोटात गेल्यावर ते सूक्ष्मजीवच तिचं प्रथिन. म्हणजे दावणीत आपण आधी त्यांना जेवू घालतो. म्हणून चारा एकदम बदलू नका. कडब्यावरून हिरव्यावर जाताना, खुराक वाढवताना दहा पंधरा दिवस लावा, रोज थोडं थोडं. लग्नकार्यातलं उरलेलं भात, जिलबी, भाकरी ढीगभर घातली की कोठीपोटात आम्ल एकदम वाढतं, जनावर बसतं आणि कधी उठतच नाही. आमच्या शेजारची गाभण म्हैस अशी गेली. घालणाऱ्यानं प्रेमानंच घातलं होतं.

शहरात शेळगी, जुळे सोलापूरकडं गच्चीवर करणाऱ्यांसाठी तेच सगळं, फक्त भोकांच्या बादलीत. ओला कचरा एक ओंजळ तर वाळका पाला दोन ओंजळी, विरजण म्हणून तयार कंपोस्ट, आणि उन्हाळ्यात बादली जिन्याखाली, गच्चीवर नको.

एक वही करा. पेरणीची तारीख, पाकिटावरची तारीख, चाळीसाव्या दिवशी पाच झाडांच्या गाठी किती आणि त्यातल्या गुलाबी किती, ढीग कधी लावला, सळई कधी गार लागली. माझ्या पहिल्या पानावर दहा झाडांत अकरा गाठी लिहिल्यात, तिसऱ्या वर्षीच्या पानावर एका झाडाला छत्तीस. ऑक्टोबरात हरभऱ्याचं पाकीट आणायला जाल तेव्हा वही सोबत घ्या, आणि पाकीट दुकानात कुठं ठेवलंय ते आधी बघा.